इंजिन उतरलं, सांगाडा राहिला

जर्मनीत डिटर श्ल्यूटर यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस रेडिओ नियंत्रणावर हवेत तग धरणारं मॉडेल हेलिकॉप्टर सिद्ध केलं, तेव्हा त्याला ताकद कुठून द्यायची हा प्रश्नच नव्हता. मिथेनॉल, जोडीला नायट्रोमिथेन आणि वंगणासाठी एरंडेल किंवा कृत्रिम तेल, असं मिश्रण जाळणारं मुठीएवढं इंजिन हाच एक मार्ग होता. पुढची तीसेक वर्षं त्याचंच राज्य चाललं. ओसाकाच्या ओ.एस.ची इंजिनं आणि तैवानच्या थंडर टायगरचं रॅप्टर हेलिकॉप्टर जगभरच्या हौशी मंडळींच्या ओळखीचं झालं. मग लिथियम-पॉलिमर बॅटरी आली आणि बघता बघता नायट्रो माळ्यावर गेलं. आता काही जण ही जुनी यंत्रं खाली काढून त्यांत मोटर बसवतात. वरवर ही डागडुजी आहे. मला मात्र त्यात शंभर वर्षांपूर्वी कारखान्यांत घडून गेलेला एक प्रसंग पुन्हा दिसतो.

आधी हिशेब पाहू, कारण तो विजेच्या सरळ विरोधात जातो. मध्यम आकाराच्या हेलिकॉप्टरच्या ४०० मिलिलिटरच्या टाकीत ढोबळमानाने ५० लाख ज्यूल ऊर्जा मावते. त्याच यंत्राला चालणारी सहा सेलची, ५००० मिलीअँपिअर-तासांची बॅटरी २२.२ व्होल्टला १११ वॉट-तास देते, म्हणजे जेमतेम चार लाख ज्यूल. बारा पटींचा फरक! तरीही टाकीवर बाराएक मिनिटं उडणारं हेलिकॉप्टर बॅटरीवर सहा-सात मिनिटं उडतं. बाकीची ऊर्जा जाते कुठे? बहुतेक उष्णतेत, आणि सायलेन्सरमधून बाहेर पडणाऱ्या धुरात. हेलिकॉप्टर एका जागी तरंगत असताना इंजिनाला समोरून वारा मिळत नाही, म्हणून ते थंड ठेवायला वेगळा पंखा लागतो, आणि तो फिरवायलाही ताकद त्याच इंजिनाची.

मोटर बसवताना काय काय उतरतं ते पाहण्यासारखं आहे. इंजिन, सायलेन्सर, टाकी, ग्लो प्लग हे तर गेलंच. तो थंड करणारा पंखा गेला. क्लचही गेला, कारण पाती थांबलेली असताना इंजिन मंद गतीने चालू ठेवावं लागतं, मोटर सरळ बंद ठेवता येते आणि स्पीड कंट्रोलर तिला हळूहळू वेगात आणतो. वन-वे बेअरिंग मात्र ठेवावंच लागतं. ताकद गेली तर पाती मोकळी फिरत राहायला हवीत, त्याच फिरण्यावर यंत्र खाली उतरवता येतं. मुख्य गिअरही बहुधा तोच राहतो. तो नऊला एक असेल आणि पाती मिनिटाला १९००च्या आसपास फिरवायची असतील, तर मोटरचे १७ हजार फेरे हवेत. भाराखाली होणारी घट धरून २२.२ व्होल्टला दर व्होल्टमागे साडेआठशे फेऱ्यांची मोटर बसते. खरी कटकट तोलाची. टाकी साधारणपणे शाफ्टच्या आसपास असते, म्हणजे इंधन संपत गेलं तरी तोल ढळत नाही. पाऊण किलोची बॅटरी तिथे मावत नाही. ती नाकाकडे सरकते आणि मग सगळी जुळवाजुळव नव्याने करावी लागते.

मग विजेने बाजी मारली कशावर? माझ्या मते काबूवर. नायट्रो इंजिनात इंधनाचं प्रमाण ठरवणारी नीडल हवेच्या तापमानाप्रमाणे फिरवत बसावी लागते. मिश्रण जरा पातळ झालं की पिस्टन तापतो, जरा दाट झालं की इंजिन गुदमरतं. मोटर इशारा मिळताच उत्तर देते. गंमत अशी की विजेच्या या जोडणीतला एकही भाग हेलिकॉप्टरसाठी जन्मलेला नव्हता. मोटरीतलं निओडिमियमचं चुंबक १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला जपान आणि अमेरिकेत जवळपास एकाच वेळी तयार झालं. लिथियम-आयन बॅटरी सोनीने १९९१ मध्ये बाजारात आणली आणि तिचं पहिलं गिऱ्हाईक होतं हाती बाळगायची इलेक्ट्रॉनिक उपकरणं. हौशी माणसाने दुसऱ्यांच्या संशोधनाचे तुकडे उचलून स्वतःच्या यंत्रात बसवले.

आता तो कारखान्यांचा प्रसंग. अर्थशास्त्रज्ञ पॉल डेव्हिड यांनी १९९०च्या एका निबंधात दाखवलं की अमेरिकन कारखान्यांत वीज आली तरी उत्पादकता कित्येक वर्षं जागची हलली नाही. कारण वाफेचं इंजिन काढून त्या जागी एक मोठी मोटर ठेवली गेली, पण छताखालचा लांब शाफ्ट आणि पट्टे तसेच राहिले. प्रत्येक यंत्राला आपापली मोटर मिळाली आणि कारखान्याची रचनाच नव्याने आखली गेली, तेव्हा कुठे लाभ दिसला. आपल्याकडे १९१५ मध्ये टाटांचं खोपोलीचं वीजकेंद्र सुरू झालं आणि मुंबईच्या गिरण्यांना सह्याद्रीच्या पाण्याची वीज मिळू लागली. कोळशाचा धूर कमी झाला. पण १९२१ मध्ये टाटांच्याच धरणाविरुद्ध सेनापती बापट मुळशीच्या शेतकऱ्यांबरोबर उभे राहिले, तेव्हा त्या स्वच्छ विजेची किंमत कोण मोजतो तेही कळलं. बॅटरीतल्या कोबाल्टच्या खाणी काँगोत आहेत, हा मुद्दा मैदानावर क्वचितच निघतो.

रूपांतरित रॅप्टर हा तसाच शाफ्ट-पट्ट्यांचा कारखाना आहे. मोटर नवी, पण शेपटीचा पंखा अजून मुख्य गिअरकडून उधारीवर फिरतो. प्रत्येक पंख्याला आपली मोटर मिळाली ती चार पंख्यांच्या ड्रोनमध्ये. तिथे गिअर नाही, पात्यांचा कोन बदलणारी स्वॉशप्लेट नाही. सेकंदाला शेकडो वेळा मोटरींचे वेग बदलूनच तोल राखला जातो, आणि हे नायट्रो इंजिनाच्या आवाक्यातलं कामच नव्हे. डीजेआय ही चिनी कंपनी २००६ मध्ये निघाली आणि तिची सुरुवातीची उत्पादनं मॉडेल हेलिकॉप्टरची नियंत्रकं होती, हे इथे ध्यानात घेण्याजोगं आहे.

पण ‘हेलिकॉप्टर गेलं, ड्रोन आला’ एवढं सोपं असतं तर १९ एप्रिल २०२१ रोजी मंगळावर उडालेल्या १.८ किलोच्या इंजेन्युइटीला चार पंखे असते. तिला एकाच दांड्यावर उलटसुलट फिरणारे, सव्वा मीटरच्या आसपास व्यासाचे दोन पंखे होते आणि दोन्हींना स्वॉशप्लेट होती. इंजिनाचा प्रश्न तिथे नव्हताच, त्या हवेत ते पेट घेणार नाही. पंखे आणि ते फिरवणाऱ्या मोटरी एरोव्हायरनमेंट या कंपनीकडून आल्या. तिचे संस्थापक पॉल मॅकक्रेडी लहानपणी मॉडेल विमानांच्या स्पर्धा गाजवणारे. मंगळाची हवा पृथ्वीच्या एक टक्क्याएवढी विरळ, म्हणून पाती लांब हवीत, आणि लांब पात्याचा वेग क्षणात वाढवता-घटवता येत नाही, कोन बदलता येतो. इंजिन उतरवलं तरी पात्याची ही अडचण उरतेच. श्ल्यूटर यांनीही ती पात्यांचा कोन बदलूनच सोडवली होती.