पडद्यावरील कोटणीस व खरे कोटणीस

युद्धपट म्हटला कीं तोफांचा गडगडाट व शत्रूचा संहार हींच दृश्यें बहुतेकांच्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. परंतु ज्याच्या नायकाच्या हातीं केवळ शस्त्रक्रियेचें शस्त्र आहे, असा एक युद्धपट आपल्या सोलापूर जिल्ह्याच्या सुपुत्रावर निघालेला आहे. व्ही. शांताराम यांनीं १९४६ सालीं काढलेला ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ हा तो चित्रपट होय. अक्कलकोटच्या प्रत्येक विद्यार्थ्यानें तो पाहावा व पाहतांना विचारही करावा, असें आमचें मत आहे.

डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १९१० सालीं सोलापुरांत झाला. जपाननें चीनवर आक्रमण केल्यावर राष्ट्रसभेनें १९३८ सालीं पांच डॉक्टरांचें जें पथक तिकडे धाडलें, त्यांत ते होते. वडिलांच्या निधनाची वार्ता परदेशीं कळली, तरी ते माघारीं फिरले नाहींत. पुढें डॉ. नॉर्मन बेथ्यून या कॅनेडियन शल्यविशारदाच्या नांवानें चालणाऱ्या रुग्णालयाचे ते प्रमुख झाले. तेथील कुओ छिंगलान यांच्याशीं त्यांनीं विवाह केला. १९४२ सालीं जन्मलेल्या पुत्राचें नांव त्यांनीं यिन्हुआ ठेविलें. ‘यिन’ म्हणजे हिंदुस्थान व ‘हुआ’ म्हणजे चीन. त्याच वर्षीं ९ डिसेंबरला, वयाच्या ३२ व्या वर्षीं, अपस्माराच्या झटक्यांनीं त्यांचा अंत झाला.

चित्रपटांत मात्र त्यांना मृत्यु येतो तो प्लेगनें. साथीवर उपाय करणारा वैद्य अखेर त्याच साथीस बळी पडतो. हा बदल कां केला असावा? आमच्या मतें येथें प्लेग हें युद्धाचेंच प्रतीक ठरतें. युद्धही साथीसारखें घरोघर पसरतें, आणि दुसऱ्याचें दुःख हरण करणाऱ्यास तें कांहीं अंशीं आपल्या अंगावर घ्यावें लागतें. ज्या महाराष्ट्रानें १८९६ पासून प्लेगचा कहर भोगला, त्याला हें प्रतीक समजावून सांगावें लागलें नसेल.

कलावंतास एवढी मोकळीक असावी, हें आम्हांस मान्य आहे. तथापि प्रतीक प्रभावी झालें, कीं त्याच्या आड माणूस झांकला जातो. प्लेगशीं झुंजणारा वीर सर्वांना दिसतो. अपस्मार मात्र देहांत दडून बसतो व केव्हां गांठील याचा नेम नसतो. असे झटके येत असतांही डॉ. कोटणीस रुग्णसेवा सोडून बसले नाहींत. पडद्यावरील नायक एकदां मरणास सामोरा जातो. खऱ्या कोटणीसांना तें धैर्य रोज सकाळीं नव्यानें गोळा करावें लागलें असेल. मनाचें हें बळ आम्हांस अधिक मोठें वाटतें.

प्रभु येशूच्या दृष्टांतांतील चांगला शोमरोनीही कांहीं अद्भुत करीत नाहीं. तो थांबतो, परक्याच्या जखमा बांधतो व त्यास उतारशाळेंत नेतो, इतकेंच. सेवेचें स्वरूप बहुधा असें साधेंच असतें.

सोलापुरांत भैय्या चौकांत डॉ. कोटणीसांचें स्मारक आहे. पालकांनीं मुलांना आधीं हा चित्रपट दाखवावा, मग तेथें न्यावें, आणि या दोन कोटणीसांपैकीं आपणांस कोणाचें अनुकरण करतां येईल, हें त्यांचें त्यांना ठरवूं द्यावें. प्लेगशीं झुंजण्याचा प्रसंग सर्वांवर येत नाहीं; आपली व्यथा सोसून दुसऱ्याच्या उपयोगी पडण्याचा प्रसंग मात्र प्रत्येकावर येतो.