माहितीचे हेलपाटे

संगणकात साठवण एकीकडे आणि आकडेमोड दुसरीकडे, ही जॉन फॉन नॉयमन यांची १९४५ सालची मांडणी. आज अनेक कामांत आकडेमोडीपेक्षा माहितीच्या हेलपाट्यांवरच जास्त वीज जाते. मेंदूत चेतापेशींच्या ज्या जोडांत आठवण साठते तिथेच कामही उरकते, तेही जेमतेम २० वॉटवर. बंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेने २०२४ मध्ये याच धर्तीवर, सुमारे १६,५०० विद्युत अवस्था धरणारी रेण्वीय फिल्म दाखवली. अशा चिपमुळे छातीवरची ईसीजी पट्टी उद्या इंटरनेटविना धोका ओळखू शकेल. दुर्गम आरोग्य केंद्रांना हवे आहे ते हेच. पण इथे विद्युतवाहकता हाच आकडा, आणि तो तापमानाबरोबर सरकू शकतो. वैशाखातल्या उन्हात हृदयाचे ठोके बरोबर वाचले जातात का, हे रुग्णाला पट्टी लावण्याआधी तपासून जाहीर केले पाहिजे.