रात्री किती जण असतात?

माझे मामू सेहेचाळीस वर्षांचे आहेत. बौद्धिक दिव्यांग. बोलतात ते मोजके दहा-बारा शब्द, त्यातले निम्मे फक्त नानीला कळायचे. नानीचा इंतकाल झाल्यावर भावाबहिणींनी दोन वर्षे आळीपाळीने सांभाळले, मग आम्ही त्यांना एका निवासी संस्थेत ठेवले. नातेवाइकांनी टोमणे मारले, 'घर में जगह नहीं थी क्या?' टोमणे मारणाऱ्यांपैकी एकही जण अजून त्यांना भेटायला गेलेला नाही, तेही इथे लिहून ठेवतो.

गेल्या हिवाळ्यात मामूंना रात्री फिट आली. पलंगावरून पडले आणि सकाळी सहाला अंथरुणे आवरताना सापडले. कपाळाला सहा टाके. मी भांडायच्या तयारीनेच गेलो. भेटली ती रात्रपाळीची बाई. एकतीस जणांसाठी एकटी. बारा तासांची पाळी, नऊ हजार पगार आणि दिवसा दोन घरची धुणीभांडी. मामू पडले तेव्हा ती वरच्या मजल्यावर कुणाचे तरी ओले अंथरूण बदलत होती. तिच्याशी काय भांडणार?

आमच्या कंपनीत रात्री तीनला सर्व्हर बंद पडला तर पाच मिनिटांत कुणाचा तरी फोन वाजतो. त्याने नाही उचलला तर दुसऱ्याचा. त्या सर्व्हरवरून लोक चपला-बूट मागवतात.

दोन महिन्यांनी ती बाई काम सोडून गेली. दुसरी मिळालीही. पण मामू कान ओढू लागले की त्यांची दाढ दुखतेय, प्लास्टिकच्या ग्लासातले पाणी ते पीत नाहीत, हे पहिलीला ठाऊक होते आणि कुठेच लिहिलेले नव्हते. नवी म्हणाली, 'पाणी ठेवते मी, तेच पीत नाहीत.' आपण संस्था बघायला जातो तेव्हा फरशी, बाग, स्वयंपाकघर बघतो. इथले कर्मचारी किती वर्षे टिकतात, हे मीही पहिल्यांदा विचारले नव्हते.

नुसता पैसा ओतल्याने हे सुटत नाही. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलजवळ विंटरबोर्न व्ह्यू नावाचे खासगी रुग्णालय होते. तिथे बौद्धिक दिव्यांगांना ठेवत आणि एकेकामागे आठवड्याला सरासरी ३,५०० पौंड आकारत. २०११ मध्ये बीबीसीच्या 'पॅनोरमा'ने छुप्या कॅमेऱ्याने तिथली मारहाण दाखवली. ११ कर्मचारी दोषी ठरले, सहा जण तुरुंगात गेले. तिथल्याच एका परिचारकाने आधी तक्रार केली होती, तिची दखल नियामक संस्थेनेही घेतली नाही. प्रशिक्षण नाममात्र होते. आणि नातेवाइकांना वरच्या मजल्यावरच्या वॉर्डात जाऊ देत नसत. आपल्याकडेही भेट ऑफिसातच होते, चहा पिऊन आपण निघतो.

रमजानमध्ये आपल्या मोहल्ल्यांतून अशा संस्थांकडे इफ्तारची पाकिटे, ब्लँकेटे, व्हीलचेअर जातात. चांगलेच आहे. पण कुणी रात्रीच्या एका माणसाचा वर्षाचा पगार उचलला, असे मी ऐकलेले नाही. जकातीतून पगार देता येतो का, यावर उलेमांत मतभेद आहेत. लिल्लाह आणि सदक्याच्या पैशाला ती अडचण नाही. सूरह अन-निसाची पाचवी आयत ज्यांना आपला व्यवहार सांभाळता येत नाही त्यांच्याबद्दल आहे. त्यांना खाऊ घाला, कपडे द्या, इथवर आपण नीट ऐकतो. त्यांच्याशी भले बोला, हेही तिथेच आहे, आणि त्यासाठी जवळ माणूस लागते.

तुमच्या घरात असे कोणी असेल तर दोन गोष्टी लगेच करा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार नोंदणीशिवाय संस्था चालवता येत नाही, ते प्रमाणपत्र बघायला मागा. आणि अठरा वर्षांनंतर आईवडीलही आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत; १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो. आम्ही तो नानी गेल्यावर केला. फार उशिरा.

मामूंच्या पलंगाशी आता मराठी-हिंदीत लिहिलेला एक कागद चिकटवला आहे. स्टीलचा ग्लास, कान, फिट आल्यास काय करायचे. आम्ही पाच भावंडे मिळून रात्रपाळीच्या दुसऱ्या बाईचा पगार देतो. संस्थेने पहिल्या पावतीवर 'देणगी' लिहिले होते. आम्ही ती परत करून 'रात्रपाळी वेतन' असे लिहून घेतले.