स्लॅबच्या पुढचा हिशोब

दिवाळी उरकली की नगर–सोलापूर रस्त्यावरच्या मिरजगावात आणि भोवतालच्या वाड्या-वस्त्यांवर नव्या घरांच्या बोलण्यांना वेग येतो. उन्हाळ्याच्या आत स्लॅब पडावा, अक्षय्य तृतीयेला वास्तुशांत व्हावी, मृगाआधी बिऱ्हाड आत जावे, असा साधारण बेत असतो. स्लॅब बहुतेकांचा पडतो. अडचण त्यानंतर येते. गिलावा राहून गेलेल्या भिंती, खिडक्यांना ठोकलेले पत्रे आणि तशातच आत राहायला गेलेले कुटुंब हे चित्र ग्रामीण महाराष्ट्रात कुठेही दिसते. विचारले तर उत्तर येते, ‘माल महागला.’ माल महागतो हे खरे. पण पैसे कमी पडण्याचे मुख्य कारण बहुधा पहिल्या दिवशीच्या हिशोबात असते. तो हिशोब स्लॅबपाशी थांबलेला असतो.

कर्जत-जामखेड पट्ट्यातल्या जुन्या धाब्याच्या घरांना असा हिशोब फारसा लागत नसे. दगड शिवारातला, छपरावरची पांढरी माती गावाजवळची, लाकूड बांधावरच्या बाभळी-लिंबाचे आणि सुतार-लोहारांचा मोबदला पुष्कळदा धान्यात. रोकड थोडी लागे. काम एक वर्ष थांबले तरी मोठे नुकसान होत नसे. आजच्या आरसीसी घरात सिमेंट, सळई, खडी, वाळू, विटा, मजुरी आणि दुष्काळी वर्षी पाणीसुद्धा रोखीने घ्यावे लागते. शिवाय काम थांबले की उघड्या सळया गंजतात, गोदामातले सिमेंट घट्ट होते आणि मिस्त्री दुसऱ्या कामावर जातो. रखडण्याची किंमत वाढली, म्हणून आधी मांडणी करण्याची गरजही वाढली.

ही मांडणी सहसा एका प्रश्नावर उरकते: चौरस फुटाला दर काय? हा दर मजुरीचा की मालासकट, हे पहिले विचारायला हवे. मजुरीचा असेल तर त्यात सेंटरिंगच्या प्लेटा, मिक्सर, पाड, गिलावा आणि फरशी बसवणे धरले आहे का? मोजमाप कशाचे होणार? छज्जा, जिना आणि गच्चीचा कठडा यांची मोजणी कशी धरायची यावरूनच शेवटच्या बिलाच्या वेळी वाद होतात. साध्या कागदावर का होईना, हे लिहून दोघांनी सह्या केलेल्या बऱ्या.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. बांधकामाचा दर भिंतींच्या आतला असतो आणि राहते घर भिंतींच्या बाहेरही असते. बोअर, पाण्याची टाकी, शौचालयाचा शोषखड्डा, वीज मीटर, जोत्याखालची मुरमाची भर, कुंपण, नकाशा आणि अभियंत्याची फी या गोष्टी दरात बहुधा नसतात. एक उदाहरण घेऊ. कुटुंबाजवळ बचत आणि कर्ज मिळून १५ लाख रुपये आहेत आणि मालासकट दर १,८०० रुपये आहे, असे समजा. सरळ भागाकार केला तर ८३३ चौरस फूट येतात. म्हणून ८०० फुटांचा नकाशा काढला जातो. आता उलट्या बाजूने चला. १० टक्के, म्हणजे दीड लाख, अडीअडचणीसाठी राखून ठेवा. बाहेरच्या कामांना अडीच लाख धरा. उरतात ११ लाख. त्यात ६११ चौरस फूट बसतात. मधली सुमारे २०० चौरस फुटांची तफावत म्हणजेच पुढे अर्धवट राहणाऱ्या खोल्या. नकाशा आधी आणि पैसा मागून, हा क्रम बदलला पाहिजे. पुढे मजला चढवायचा असेल, तर त्या भाराचा पाया अभियंत्याकडून आत्ताच काढून घ्यावा आणि खोल्या नंतर वाढवाव्यात.

मालाच्या भावाकडेही प्रमाण पाहून बघावे. १,००० चौरस फुटांच्या साध्या आरसीसी घराला ढोबळमानाने ४०० पोती सिमेंट आणि चार टन सळई लागते. सप्टेंबर २०२५ मध्ये सिमेंटवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. ३५० रुपयांच्या पोत्यामागे हा फरक सुमारे २७ रुपयांचा. तो पूर्ण ग्राहकाच्या पदरात पडला, तरी अख्ख्या घरामागे ११ हजारांच्या आसपास. बचत चांगलीच आहे, पण तिच्या भरवशावर एक खोली वाढवता येत नाही.

उलट जमीन आणि पाणी हे खर्च कमी लेखले जातात. सीना खोऱ्यातल्या काळ्या जमिनीत माती फुगते आणि आकसते, त्यामुळे पाया मुरूम लागेपर्यंत खाली न्यावा लागतो; माळावर तोच थोडक्यात भागतो. एकाच गावातल्या दोन घरांचा पायाखर्च म्हणूनच सारखा येत नाही. आधी एक चाचणी खड्डा खणून पाहणे स्वस्त पडते. काँक्रीटवर पाणी मारण्याचेही तसेच. उष्ण, कोरड्या हवेत ते किमान १० दिवस आणि मिश्र सिमेंट असेल तर १४ दिवस ओले ठेवावे, असे भारतीय मानक सांगते. एप्रिलमध्ये स्लॅब टाकणाऱ्याने टँकरचा खर्च वहीत आधीच लिहिलेला बरा.

कर्जाचा हिशोबही उत्पन्नाच्या चालीने व्हायला हवा. १० लाखांचे कर्ज ९ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतले, तर हप्ता महिना सुमारे ९,००० रुपये पडतो आणि एकूण परतफेड साडेएकवीस लाखांवर जाते. नोकरदाराला हे मासिक गणित जमते. ज्याचा पैसा कांद्याच्या किंवा उसाच्या बिलाबरोबर येतो, त्याने किमान सहा हप्ते बाजूला ठेवूनच सही करावी. बँक कर्जही कामाच्या टप्प्यांनुसार सोडते. आधी स्वतःचा वाटा घालावा लागतो. दोन टप्प्यांमध्ये रोकड आटते आणि तिथेच महागडी उसनवारी सुरू होते. कागदपत्रांचे कामही पाया खोदण्याआधीचे आहे. गावठाणातल्या घरांना मालमत्ता पत्रक देणारी स्वामित्व योजना २०२० मध्ये सुरू झाली. ते पत्रक हाती असेल तर तारण दाखवणे सोपे जाते.

हेच गणित सरकारी घरकुलालाही लावून पाहावे. प्रधानमंत्री आवास योजनेत (ग्रामीण) सपाट भागासाठी १ लाख २० हजार रुपये मिळतात. २०२५ मध्ये राज्याने ५० हजारांची भर घातली. त्यातले १५ हजार सौरऊर्जेसाठी आहेत. शौचालयाचे १२ हजार आणि रोजगार हमीच्या मजुरीचे सुमारे २८ हजार धरले, तर बेरीज २ लाख १० हजारांवर जाते. योजनेतले किमान घर २५ चौरस मीटरचे, म्हणजे २६९ चौरस फुटांचे. वरच्याच दराने त्याला ४ लाख ८४ हजार लागतील. साधी फरशी, पत्र्याचे छप्पर आणि घरच्यांचे श्रम यांनी हा आकडा खाली येतो, पण दुपटीहून मोठी दरी त्याने सहसा भरत नाही. पाच ब्रास वाळू मोफत देण्याचे धोरण चांगले आहे. एवढ्या घराला साधारण तितकीच वाळू लागते. पण ती दारापर्यंत आणायलाही पैसे पडतात.

म्हणून अपेक्षा दोन्हीकडून आहे. पंचायत समितीच्या अभियंत्यांनी तीन-चार आकारांच्या घरांचे नकाशे आणि पायापासून रंगापर्यंतचा टप्पेवार खर्च दर दिवाळीला ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा. सरकारकडे दरसूची असते, माणसेही असतात. त्यासाठी नवी योजना नको. आणि कुटुंबाने नारळ फोडण्यापूर्वी सर्वांना बसवून वही काढावी, शेवटचा रंगाचा हात आणि पहिले वीजबिल यांच्यापर्यंतचा खर्च लिहावा आणि बेरीज जमत नसेल तर नकाशातली एक खोली तिथेच खोडावी. कागदावरची खोली खोडायला काहीच लागत नाही. बांधून अर्धवट राहिलेल्या खोलीवर मात्र व्याज चालू राहते.