विश्लेषण : काचेच्या ग्लासांवर पांढरट थर, दोष डिशवॉशरचा की पाण्याचा?

नवा डिशवॉशर, चांगली पावडर, तरीही ग्लास धुरकट आणि स्टीलच्या ताटांवर पांढरे डाग. पुण्याच्या उपनगरांत ही तक्रार नवी नाही. अशा वेळी मेकॅनिकला बोलावण्याआधी एक आकडा माहीत हवा : आपल्या पाण्याचा जडपणा किती?

पेठांपेक्षा वाघोलीत डाग जास्त का?

खडकवासला धरणसाखळीत साठते ते पावसाचे पाणी. ते तुलनेने हलके असते. बोअरचे पाणी बेसाल्ट खडकातून झिरपताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार सोबत घेते. महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये वाघोलीसह २३ गावे आली. तिथल्या अनेक सोसायट्यांची भिस्त मात्र टँकर आणि बोअरवरच राहिली. मशीनमध्ये हे पाणी तापले की क्षार वेगळे होऊन भांड्यांवर बसतात.

मीठ कशासाठी?

अनेक डिशवॉशरमध्ये पाणी हलके करणारे रेझिन असते. ते कॅल्शियम, मॅग्नेशियम धरून ठेवते आणि सोडियम सोडते. रेझिन भरले की मिठाचे पाणी ते पुन्हा ताजे करते. त्यासाठी डिशवॉशरचे जाड मीठच हवे. जेवणातल्या मिठात आयोडीन आणि गुठळ्या न होण्यासाठीची द्रव्ये असतात, म्हणून ते चालत नाही. रिन्स एड टाकल्यास पाणी भांड्यांवरून लवकर ओघळते आणि डाग कमी पडतात. मशीन घेण्यापूर्वी मिठाचा कप्पा आहे का, हे जरूर पाहा.

टीडीएस मीटर पुरेसा आहे का?

नाही. टीडीएसमध्ये सगळेच विरघळलेले क्षार येतात; जडपणा म्हणजे मुख्यतः कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. त्यासाठी थेंबांचे टेस्ट किट मिळते. लिटरमागे मिलिग्रॅममध्ये आलेल्या आकड्याला १७.८ ने भागले की जर्मन अंश मिळतात. उदाहरणार्थ, ४०० म्हणजे सुमारे २२ अंश. मशीनच्या पुस्तिकेतील तक्ता पाहून त्यानुसार सेटिंग करा. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा जडपणा २०० पर्यंत असावा. दुसरा स्रोत नसल्यास ६०० पर्यंत चालतो. पिण्यास चालणारे हे पाणी काचेच्या ग्लासांना मात्र चांगलेच जड जाते.

थर बसलाच असेल तर?

एक ग्लास व्हिनेगरने पुसा. डाग गेला तर तो क्षारांचा. रिकाम्या मशीनमध्ये सायट्रिक अॅसिड टाकून एक फेरी चालवा. डाग गेला नाही तर काच झिजली आहे, ती पूर्ववत होत नाही. पाणी फार हलके आणि पावडर जास्त असली तरी काच झिजते. म्हणून अंदाजाने सेटिंग कमाल ठेवणेही चुकीचेच.

उपाय फक्त घरापुरता का?

टँकर बदलला की पाणी बदलते. मग प्रत्येक घराने स्वतंत्र अंदाज का बांधावा? सोसायटीने दरमहा आणि स्रोत बदलल्यावर टाकीच्या पाण्याचा जडपणा फलकावर लावावा. खर्च टेस्ट किटचा आणि वेळ दहा मिनिटांचा. संपूर्ण इमारतीला सॉफ्टनर बसवण्याची घाई मात्र नको. त्यातून निघणारे खारट पाणी सांडपाणी प्रकल्पात आणि तिथून बागेत जाते. महापालिकेनेही नव्या गावांना धरणाचे पाणी पुरेसे मिळेपर्यंत किमान टँकरच्या पाण्याचा जडपणा जाहीर करावा. कर भरणाऱ्या नागरिकाला आपल्या नळाला कसले पाणी येते, हे कळायलाच हवे.