दोन नोकऱ्यांच्या मधलं बाळ

परवा ऑफिसातली एक ज्युनियर कॉफी मशीनपाशी हळूच म्हणाली, "दादा, एक विचारायचं होतं. मला ऑफर आली आहे. आणि... गुड न्यूज पण आहे. नवीन कंपनीला सांगू का?"

माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, "अजिबात सांगू नकोस."

जागेवर येऊन बसलो आणि स्वतःचीच लाज वाटली. एरवी मी मुलाखतीला येणाऱ्या पोरांना "रेझ्युमेमध्ये खोटं लिहू नका रे" असं व्याख्यान देत असतो. आणि इथे एका सरळ मुलीला लपवाछपवी शिकवून मोकळा झालो. तरीही आज शनिवारी सकाळी शांतपणे विचार केला, तर माझं उत्तर तेच आहे. का, ते सांगतो. थोडं लांबेल, चहा घेऊन बसा.

तीन वर्षांपूर्वी माझ्या बायकोने राजीनामा दिला. नोटीस पिरियड नव्वद दिवसांचा. तो अर्धा झाला असताना कळलं की आम्ही तीन होणार. ही स्वभावाने सरळ, म्हणून नवीन कंपनीच्या एचआरला फोन करून सांगून टाकलं. तिकडून "काँग्रॅच्युलेशन्स!" वगैरे झालं. आठवड्याभराने मेल आली : प्रोजेक्ट पुढे गेलं आहे, जॉइनिंग तीन महिन्यांनी करू. योगायोग असेल बापडा. जुन्या कंपनीला विचारलं, राजीनामा मागे घेऊ का? ते म्हणाले, तुमच्या जागी माणूस घेतला.

मग मी एक्सेल उघडली. आपल्या कायद्यात प्रसूती रजेचा पगार हवा तर प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत किमान ८० दिवस काम केलेलं असावं लागतं. आणि खरी मेख पुढे आहे. ते ८० दिवस ज्या मालकाकडे पैसे मागायचे, त्याच मालकाकडे भरले पाहिजेत. हिचं नवीन जॉइनिंग २६व्या आठवड्यात. ४० मधून २६ गेले, उरले १४. गुणिले पाच दिवस, म्हणजे ७०. अगदी कळा सुरू होईपर्यंत कीबोर्डवर बसली असती तरी ७०. अकरा वर्षं सलग नोकरी, अकरा वर्षं टॅक्स, आणि दहा दिवसांनी नापास!

रजा मिळाली, पण बिनपगारी. मुलगी अडीच महिन्यांची असताना हिने लॅपटॉप उघडला, कारण दोन पगारांवर घेतलेल्या फ्लॅटचा ईएमआय बिनपगारी रजेवर जात नाही.

माझी आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. तिला हे पटेचना. "अरे, माझी तर पोटुशी असताना बदली झाली होती. कुणी दिवस मोजले नाहीत." बरोबर आहे आई, शाळा बदलली तरी तुझा मालक तोच होता. आमच्याकडे दर तीन वर्षांनी मालक बदलतो, आणि कायद्याच्या मते बाईचा जन्म दर वेळी नव्याने होतो.

तेव्हा मला त्या एचआरवाल्या बाईचा भयंकर राग आला होता. आता येत नाही. चाळीस माणसांची कंपनी होती ती. २०१७ च्या दुरुस्तीने रजा १२ आठवड्यांची २६ आठवडे झाली. छान झालं, हवीच होती. पण त्या २६ आठवड्यांचा सगळा पगार त्या एकट्या कंपनीने द्यायचा. सरकारचा एक रुपया नाही, विम्याचा नाही, आधीच्या अकरा वर्षांत जिथे काम केलं त्यांचा तर नाहीच. चार महिने काम केलेल्या बाईला सहा महिन्यांचा पगार द्या म्हटल्यावर छोटी कंपनी काय करेल? तारीख पुढे ढकलेल. किंवा पुढच्या वेळी पुरुषच घेईल, आणि कारण "कल्चर फिट" असं लिहील.

म्हणजे बघा, बाई लपवते, एचआर ढकलते आणि माझ्यासारखा सीनियर "सांगू नकोस" म्हणतो. तिघेही खोटे, आणि तिघांनाही खोटं बोलायला लावणारा एकच नियम.

आपल्या भाषेत सांगायचं तर हा डिझाइनमधला बग आहे. हक्क माणसाचा, पण तो स्टोअर केलाय कंपनीच्या टेबलमध्ये. कंपनी बदलली की डेटा गेला. पीएफचा असाच घोळ होता. दर नोकरीत नवा नंबर आणि जुने पैसे काढायला हेलपाटे. २०१४ मध्ये यूएएन आला आणि एकच नंबर माणसाबरोबर फिरू लागला. तिथे जमलं, मग इथे का नाही?

आता कुणीतरी म्हणणार, "हे सगळं परदेशात ठीक आहे हो." थांबा. आधी घरातलंच बघू. ईएसआयमध्ये असलेल्या कामगार बाईला प्रसूतीचे पैसे ईएसआयच्या फंडातून मिळतात. तिथे अट ७० दिवसांच्या वर्गणीची आहे, एकाच मालकाची नाही. पण २०१७ मध्ये त्याची पगारमर्यादा २१,००० केली. त्याच्या वर पगार गेला की तुम्ही फंडातून बाहेर आणि मालकाच्या मर्जीवर. तसंच पीएफबरोबर येणारा ईडीएलआय विमा घ्या. सगळ्या कंपन्या त्यात वर्गणी भरतात. उद्या मी गचकलो तर घरच्यांना त्या फंडातून पैसे मिळतील, शेवटच्या कंपनीच्या खिशातून नाही. म्हणजे मरणाचा खर्च सगळ्यांनी वाटून घ्यायचा हे आपल्याला समजतं. जन्माचा खर्च मात्र एकट्या मालकाने उचलायचा!

आणि हो, परदेशातही बघाच. ब्रिटनमध्ये नोकरी नवी असल्यामुळे मालकाकडून पैसे मिळत नसतील तर सरकारी मॅटर्निटी अलाउन्स आहे. प्रसूतीआधीच्या ६६ आठवड्यांपैकी २६ आठवडे काम केलेलं असावं, मालक कितीही बदलले तरी चालतात. कॅनडात ५२ आठवड्यांत ६०० तासांचं विमा लागू असलेलं काम, कुठेही केलेलं. जर्मनीत प्रत्येक कंपनी वर्गणी भरते, तिच्याकडे एकही बाई नसली तरी, आणि जिथे बाई रजेवर जाते तिथल्या मालकाला खर्च परत मिळतो. हा शेवटचा मुद्दा नीट वाचा. तिथे पुरुष घेऊन पैसे वाचत नाहीत.

हा काही माझा क्रांतिकारी विचार नाही. जुलै १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हणाले होते की हा भार बऱ्याच अंशी सरकारने उचलला पाहिजे, कारण लोकांचं कल्याण ही मुळात सरकारची जबाबदारी आहे. १९२९ मध्ये कायदा झाला, पण बिल मालकाच्याच नावावर फाडलं. १९६१ चा कायदाही तसाच. २१ नोव्हेंबर २०२५ ला नवीन सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. आमच्या ऑफिसात तेव्हा बेसिक पन्नास टक्के झाला तर हातात किती येणार यावर आठवडाभर चर्चा झाली. सहावं प्रकरण कुणी उघडलं नाही. तिथे तेच ८० दिवस, त्याच मालकाकडचे. कॉपी-पेस्ट.

"प्रेग्नंट असताना नोकरी बदलायचीच कशाला?" हाही प्रश्न मला ऐकवला गेलाय, आणि विचारणारे सगळे पुरुष होते. माझी मुलगी पोटात असताना मीही नोकरी बदलली. मला कुणी विचारलं नाही. उलट "आता जबाबदारी वाढली" म्हणून चार पैसे वाढवून मिळाले!

मागणी साधी आहे : ८० दिवस ठेवा, पण ते सगळ्या मालकांकडचे मिळून मोजा. आणि पैसे सगळ्या कंपन्यांच्या वर्गणीतून द्या, बाप्यांच्या पगारावरही. माझ्या पगारातून कापलेत तरी हरकत नाही.

तोवर व्यवहाराची गोष्ट : राजीनामा देण्याआधी हिशोब करा. आहे त्या नोकरीत ८० दिवस भरले असतील तर तो हक्क पक्का आहे, आणि प्रसूती रजेवर असताना काढून टाकणं बेकायदा आहे. नव्या ऑफरवर सही करताना एचआरला विचारा, "तुमच्या पॉलिसीत ८० दिवसांची अट सोडता का?" मुलांनो, तुम्हीही विचारा. हा प्रश्न फक्त बायका विचारत राहिल्या तर तो विचारणारीच आधी गाळली जाईल.

असो. सोमवारी त्या ज्युनियरला ही एक्सेल पाठवणार आहे. सांगायचं की नाही, ते तिचं ती ठरवेल. आकडे तरी हातात असू देत.