उरलेले 640 रुपये कोणाचे?

मा. गव्हर्नर,
भारतीय रिझर्व्ह बँक,
शहीद भगतसिंग मार्ग, फोर्ट, मुंबई

महोदय,


आपल्या टेबलावर येणारी पत्रे रेपो दर, रुपयाची घसरण, बुडीत कर्जे अशा भारदस्त विषयांवरची असणार. माझे पत्र 640 रुपयांविषयी आहे. ते पैसे मला परत मिळाले आहेत, तेव्हा ही तक्रार नव्हे. ते मिळवण्यासाठी आपल्या नियमांची पाने चाळावी लागली आणि त्यात जे वाचले, त्याने मात्र माझी झोप उडाली.

मी डोंबिवलीत राहते, एका शाळेच्या कार्यालयात नोकरी करते. लग्न होऊन या घरात आले तेव्हा सासूबाईंच्या कपाटात लग्नपत्रिकांची रिकामी पाकिटे ओळीने उभी असत. कोणा ना कोणाच्या शुभविवाहाचा गणपती वर छापलेला आणि खाली पेन्सिलीने लिहिलेले: दूध, वाणी, भाजी, लाइट बिल, फी. सर्वांत मागे एक जाडसर पाकीट, त्यावर ‘आलं-गेलं’. एक तारखेला मामंजींचा पगार या पाकिटांत वाटला जाई. भाजीचे पाकीट चोवीस तारखेला रिकामे झाले, तर उरलेला आठवडा मटकी, पिठले आणि कुळथाचे कळण. एका पाकिटातून दुसऱ्यात पैसे घ्यायचे नाहीत. फारच नड पडली तर ‘आलं-गेलं’मधून घ्यायचे आणि तिथे चिठ्ठी ठेवायची. सासूबाई सातवी शिकलेल्या होत्या, पण ती चिठ्ठी परत निघाल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

माझ्या पिढीने ही पाकिटे रद्दीत घातली. पगार खात्यात, खाते फोनमध्ये, फोन हातात. वीस रुपयांचा वडापाव आणि विम्याचा हप्ता एकाच विहिरीतून उपसला जाऊ लागला. महिनाअखेरीस खात्याचा उतारा काढावा तर शे-दीडशे नोंदी, त्यातल्या निम्म्या कोणाच्या हे ओळखू येत नाही. यूपीआयला मी नावे ठेवत नाही, रिक्षावाल्याशी सुट्ट्या पैशांवरून होणारी हुज्जत त्यानेच संपवली. पण विहीर दिसत असेपर्यंत कोणी घागरी मोजत नाही.

तीन वर्षांपूर्वी शाळेतल्या एका तरुण शिक्षिकेने मला प्रीपेड कार्ड दाखवले. तेव्हापासून एक तारखेला मी त्यावर 9,000 रुपये भरते. वाणी, भाजी, दूध आणि रिक्षा एवढेच त्यातून. खात्यात 38,000 दिसतात तेव्हा पनीर स्वस्त वाटते, कार्डावर 1,100 दिसतात तेव्हा दुधी भोपळा आठवतो. बाकी त्या कार्डात काही जादू नाही. त्याचा एकच गुण, ते संपते. सासूबाईंचे पाकीट मला प्लॅस्टिकमध्ये परत मिळाले. शिवाय कोणी ओटीपी काढून घेतला तर जाईल ते त्या महिन्याचे वाणसामान, प्रॉव्हिडंट फंड आलेले खाते नव्हे, एवढा दिलासा माझ्या वयाच्या बाईला पुष्कळ असतो.

हे शक्य झाले त्यात आपल्या बँकेचा वाटा मोठा आहे, तो आधी सांगते. पूर्ण केवायसी केलेल्या कार्डाच्या पैशांतून भाजीवालीचा क्यूआर कोड स्कॅन करायचा तर पूर्वी त्याच कंपनीचे ॲप उघडावे लागे. 27 डिसेंबर 2024च्या परिपत्रकाने ते पैसे दुसऱ्या यूपीआय ॲपमधूनही वापरायची वाट मोकळी झाली. त्याहून महत्त्वाचे 20 जून 2022चे पत्र. तोवर काही कंपन्यांनी प्रीपेड कार्डावर उधारीचे पैसे भरायला सुरुवात केली होती. नाव प्रीपेड, आत कर्ज. आपण बजावले की कर्जाच्या मर्यादेतून ही कार्डे भरता येणार नाहीत. धंदा बुडाल्याची ओरड तेव्हा बरीच झाली. मला मात्र वाटले की कोणीतरी ‘आलं-गेलं’ पाकिटातल्या चिठ्ठ्या मोजल्या. संपणे हा ज्या वस्तूचा गुण, तिला न संपणारी करून विकणे ही भेसळच.

आता 640 रुपयांकडे येते. मुलगी पुण्याला डिप्लोमाला होती तेव्हा तिलाही एक कार्ड घेऊन दिले होते. दरमहा 4,000 मी भरायची. पंचवीस तारखेनंतर तिचे फोन वाढायचे, त्यावरून शिल्लक किती ते मला न बघताच कळायचे. शिक्षण संपले, नोकरी लागली, नवा फोन, नवा नंबर. कार्ड कुठल्याशा ड्रॉवरमध्ये गेले. दीडेक वर्षाने सापडले तेव्हा त्याची मुदत उलटली होती आणि आत 640 रुपये अडकले होते. मुदत संपत आल्याचे संदेश आले असतील तर ते जुन्या नंबरवर आले असतील.

कंपनीला लिहिले. उत्तर आले की कार्ड निष्क्रिय आहे. पुन्हा लिहिले. ओळखपत्र मागितले, रद्द केलेला चेक मागितला, मग तोच चेक अधिक स्पष्ट मागितला. अकरा मेल आणि सात आठवड्यांनी पैसे खात्यावर आले. पहिल्या तीन मेलना मी नुसती विनंती करत होते. चौथ्या मेलमध्ये आपल्या 27 ऑगस्ट 2021च्या निर्देशांचा उल्लेख केला आणि तिकडची भाषा बदलली. कारण त्यात स्पष्ट म्हटले आहे की मुदत संपल्यावर कार्डधारकाने केव्हाही पैसे मागितले तर ते त्याच्या बँक खात्यात द्यायचे.

नियम माझ्या बाजूने होता, पण तो मला ठाऊक असावा लागला. आणि त्याच्याच शेजारचे वाक्य वाचून मी थबकले. मुदत संपल्यानंतर किमान तीन वर्षे ती शिल्लक बिगरबँक कंपनीने आपल्या नफा-तोटा खात्यात न्यायची नाही, असे ते वाक्य. वाचायला संरक्षणासारखे वाटते. मी शाळेच्या कार्यालयात परिपत्रके वाचण्यात आयुष्य घालवले आहे, त्यामुळे मला त्यातली दुसरी बाजूही दिसते. तीन वर्षांनंतर नेता येते.

म्हणजे माझ्या मुलीचे ते कार्ड ड्रॉवरमध्ये आणखी पडून राहिले असते, तर तिच्या मेसच्या पैशांतले 640 रुपये कोणाच्या तरी वार्षिक ताळेबंदात नफा म्हणून मिरवले असते. त्यांनी कोणती वस्तू विकली, कोणती सेवा दिली? एका मुलीने फोन नंबर बदलला, एवढेच त्या कमाईचे कारण.

बँकेत हे असे होत नाही, आणि तेही आपल्यामुळेच. दहा वर्षे कोणी हात न लावलेली ठेव बँक स्वतः गिळत नाही. 2014 साली केलेल्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत ती जमा होते, आणि वारस उद्या आला तरी त्याला मिळते. बँकांनी दिलेल्या प्रीपेड कार्डांवरची शिल्लकसुद्धा या निधीच्या योजनेत धरलेली आहे. विसरलेल्या ठेवी शोधायला ऑगस्ट 2023 मध्ये आपण ‘उद्गम’ पोर्टल सुरू केले. आमच्या शाळेतल्या एका निवृत्त शिपाईकाकांना त्यावर त्यांच्या वडिलांचे नाव सापडले, तेव्हा त्यांनी कार्यालयात पेढे वाटले होते. मग प्रश्न असा की, कार्ड बँकेचे असेल तर उरलेला पैसा माझा आणि कंपनीचे असेल तर तीन वर्षांनी तिचा, हा भेद कशासाठी? दोन्ही कार्डे दिसायला सारखी, वाण्याच्या यंत्रावर टेकवायला सारखी. कार्ड नक्की कोणाचे, ते मागच्या बाजूला चष्मा लावूनही वाचता येत नाही अशा अक्षरांत असते.

कंपन्यांचे म्हणणे काय असेल ते मी ओळखून आहे. पडीक खाती सांभाळायला खर्च येतो, रकमा किरकोळ असतात. पण याच किरकोळ रकमा एकत्र करून एस्क्रो खात्यात ठेवल्या जातात. तिथे सतत पडून राहणाऱ्या मूळ हिश्शावर, आपल्या अटींवर का होईना, कंपनीला व्याज मिळवता येते. कार्डधारकाला शिल्लकेवर व्याज द्यायचे नाही, असा आपला नियम आहे. त्याबद्दल माझे भांडण नाही, पाकिटातल्या नोटांनाही व्याज मिळत नव्हते. बिगरबँक कार्डावरच्या पैशाला बँक ठेवीसारखे 5 लाखांचे विमा संरक्षण नाही, हेही मी मान्य करून बसले आहे. महिन्याच्या वाणसामानाला विमा कशाला? पण व्याज त्यांचे, विमा नाही आणि शेवटी विसरलेले मुद्दलही त्यांचे, हे तिन्ही एकदम मान्य करायला सांगू नका.

मुळात मुदत हवीच कशाला? किमान एक वर्षाची वैधता आपण घालून दिली आहे. प्लॅस्टिक झिजते, चिप जुनी होते, तेव्हा कार्डाला मुदत असावी हे समजते. पैशाला कशी काय असते? मुंबईच्या लोकल स्टेशनांवर पूर्वी कूपनच्या पुस्तिका मिळत. यंत्रात घालून शिक्का मारायचा. त्यांची तारीख उलटली की उरलेली कूपने मुले व्यापार खेळायला नेत. तो कागद होता, सोडून दिले. पण फेब्रुवारी 2024 मध्ये आपणच सार्वजनिक वाहतुकीच्या प्रीपेड कार्डांना केवायसीशिवाय, 3,000 रुपयांच्या मर्यादेत आणि मुदतीच्या अटीविना चालायची परवानगी दिली. मेट्रोचे कार्ड मुदतीविना चालू शकते, तर पिठाच्या गिरणीतले का नाही?

आणखी एक शब्द खुपतो. अटी व शर्ती सोप्या भाषेत, शक्यतो इंग्रजी, हिंदी व स्थानिक भाषेत द्याव्यात, असे निर्देशांत आहे. हा ‘शक्यतो’ आमच्या शाळेतही फार चालतो. ‘पालकांनी शक्यतो वेळेवर यावे.’ मुलीच्या कार्डाबरोबर आलेली अटींची घडी फक्त इंग्रजीत होती. वार्षिक शुल्क, नवे कार्ड घ्यायचे शुल्क, क्रेडिट कार्डावरून पैसे भरले तर लागणारे शुल्क, हे सारे आठव्या परिच्छेदात. दूध सांडले की मांजराला दोष देता येतो, इथे दूध कधी आटले तेच कळत नाही. शुल्कांची चार वाक्ये मराठीत, कार्ड विकतानाच्या पाकिटावर छापायला सांगा आणि तिथला ‘शक्यतो’ काढून टाका.

मला नवे कायदे सुचवता येत नाहीत, पण आपल्याच नियमांतले तुकडे जोडून जे होण्यासारखे आहे ते सांगते. केवायसी अपुरे असलेले छोटे कार्ड बंद करताना शिल्लक मूळ खात्यात परत पाठवायची सोय आपण ठेवली आहे. तीच मुदत संपताना, न मागता, आपोआप व्हावी. पैसे जिथून आले ते खाते कंपनीला ठाऊक असते, माझ्या 4,000 रुपयांची दरमहाची वाट त्यांच्या नोंदीत होतीच. खाते बंद झाले असेल किंवा पैसे रोखीने भरले असतील, तर ती शिल्लक बँकांच्या ठेवींप्रमाणे निधीत जावी आणि ‘उद्गम’वर नाव टाकून शोधता यावी. नफा-तोटा खात्याचे ते तीन वर्षांचे दार बंद करावे. एवढ्याने कोणती कंपनी बुडणार असेल, तर ती विसराळू लोकांच्या जिवावर चालली होती असे म्हणावे लागेल.

हे पत्र वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या ड्रॉवरमध्ये जुने भेटकार्ड, सोसायटीच्या सोडतीत मिळालेले कार्ड, मुलाच्या सहलीचे कार्ड पडले असेल, त्यांनी आज शिल्लक तपासावी आणि उरले असेल ते लेखी मागावे. भेटकार्डावर रोख मिळत नाही, पण मुदत संपली तर ते पुन्हा चालू करून मागता येते. कंपनीने 30 दिवसांत समाधान केले नाही तर आपल्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते, त्यासाठी 14448 हा क्रमांक आहे. मला तिथवर जावे लागले नाही.

सासूबाई गेल्या तेव्हा कपाट आवरताना ‘आलं-गेलं’ पाकिटात 310 रुपये आणि एक चिठ्ठी निघाली. चिठ्ठीवर माझे नाव आणि 50 चा आकडा होता. कधी घेतले होते ते मला आठवत नव्हते, त्यांना आठवत होते. मी 50 रुपये टाकून ती चिठ्ठी फाडली.

आज एकोणतीस तारीख. माझ्या कार्डावर 212 रुपये आहेत आणि घरात मटकी भिजत घातली आहे. आपल्या उत्तराची वाट पाहते.

आपली,
डोंबिवलीची एक कार्डधारक